आरोपाची भाषा

मनुष्याने मनुष्यावर आरोप करावा, ही गोष्ट समाजाइतकीच जुनी आहे. परंतु तो कोणत्या शब्दांत करावा, आणि ज्याच्यावर तो केला त्याला ते शब्द कळले पाहिजेत की नाहीत, हा प्रश्न वाटतो तितका केवळ वकिलांचा नाही. त्याकडे आमचे लक्ष वेधले ते एका विद्यार्थ्याने. शालेय शिक्षण मराठवाड्यात मराठीतून झालेला हा मुलगा येथे हैदराबादेत कायदा शिकतो. एके सायंकाळी तो इंग्रजी शब्दांची एक यादी घेऊन आमच्याकडे आला. ‘अक्यूझेशन’, ‘कंप्लेंट’, ‘चार्ज’, ‘इंडाइटमेंट’, ‘अरेनमेंट’ असे शब्द तीत होते. कोशात पाहिले तर बहुतेकांपुढे ‘आरोप’ हाच अर्थ. “मग इंग्रजांना इतके शब्द कशाला लागले?” असे त्याने विचारले. त्याला उत्तर देता देता शिकण्याची पाळी आमच्यावरच आली.

पहिली गोष्ट आमच्या ध्यानात आली ती अशी की, हे शब्द एकमेकांचे पर्याय नसून एका जिन्याच्या पायऱ्या आहेत. कोणी पोलिसांना गुन्ह्याची खबर देतो. कोणी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे फिर्याद मांडतो. तपास संपल्यावर पोलीस आपला अहवाल न्यायालयात पाठवतात. लोक त्याला ‘चार्जशीट’ म्हणतात खरे, परंतु ते पोलिसांचे मत असते, न्यायालयाचे नव्हे. कागदपत्रे पाहून, दोन्ही बाजू ऐकून, प्रथमदर्शनी काही आधार दिसला तरच गंभीर खटल्यात न्यायाधीश दोषारोप ठेवतो. खरा ‘चार्ज’ तो. तो आरोपीला वाचून दाखवावा, समजावून द्यावा आणि गुन्हा कबूल आहे काय, असे त्याला विचारावे, अशी कायद्याची आज्ञा आहे. ‘इंडाइटमेंट’ हा शब्द तर आपल्या फौजदारी संहितेचा नव्हेच. तो इंग्लंड-अमेरिकेतील गंभीर गुन्ह्यांच्या लेखी आरोपाचा. त्यातील ‘सी’ हे अक्षर लिहायचे आणि उच्चारायचे नाही, हे ऐकून आमचा विद्यार्थी हसला. आरोपाच्या शब्दातच एक अक्षर मुके असावे, याचे आम्हांलाही नवल वाटले.

शब्दांच्या कुळाकडे पाहिले तर आणखी काही हाती लागते. ‘चार्ज’चे मूळ गाडीवर ओझे लादण्यात आहे. ‘अरेन’ म्हणजे जाब देण्यास पुढे बोलावणे. ‘इंपीच’च्या मुळाशी पायातील बेडी आहे. आपला ‘फिर्याद’ हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ आक्रोश. निजामी अमलात येथील न्यायालयांची भाषा उर्दू होती, आणि त्या भाषेने ‘मुलजिम’ व ‘मुजरिम’ असा भेद सांभाळला. ज्याच्यावर आरोप आहे तो मुलजिम. ज्याचा गुन्हा शाबीत झाला तो मुजरिम. मराठीतही ‘आरोपी’ आणि ‘गुन्हेगार’ हे दोन शब्द आहेत. परंतु आरोपी शब्द उच्चारताना आपल्या मनात कोणाची प्रतिमा उभी राहते, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे तपासावे.

आरोप परक्या भाषेत ऐकण्याचे दुर्दैव केवळ आपल्याच वाट्याला आले, असे समजण्याचे कारण नाही. नॉर्मन विजयानंतर खुद्द इंग्लंडच्या न्यायालयांत शतकानुशतके फ्रेंच आणि लॅटिन नांदत होत्या. लोकांना फ्रेंच कळत नाही म्हणून वादविवाद इंग्रजीत चालावेत, असा कायदा तेथे १३६२ मध्ये झाला. तरी दप्तर लॅटिनमध्येच राहिले. ते इंग्रजीत आणणारा कायदा टिकाऊपणे झाला तो १७३० मध्ये, आणि १७३३ पासून तो अमलात आला. म्हणजे आपल्यावर कोणता आरोप आहे हे इंग्रज शेतकऱ्याला स्वतःच्या भाषेत वाचता यावे, यासाठी त्याच्या देशाला सुमारे पावणेचारशे वर्षे लागली. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी, १८६० मध्ये, त्याच इंग्रजीतील दंडसंहिता हिंदुस्थानासाठी मंजूर झाली. ती १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली आणि १ जुलै २०२४ रोजी तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. नाव संस्कृत झाले. सर्वोच्च न्यायालयाची भाषा मात्र इंग्रजीच आहे.

तथापि याच इंग्रजी बोलणाऱ्या न्यायालयाने १९६२ साली एक मोलाची गोष्ट सांगितली. ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात स्थानबद्ध केलेल्या माणसाला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली होती. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदी प्रत मागितली. ती नाकारण्यात आली. अधिकाऱ्याने तोंडी भाषांतर करून सांगितले होते, असा सरकारचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. कारणे कळवणे म्हणजे कागद हाती देणे नव्हे. त्या माणसाला समजेल अशा भाषेत ती त्याच्यापर्यंत पोचली पाहिजेत, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

यावर कोणी म्हणेल, चोरी करणाऱ्याला ‘चोरी’ हा शब्द कळला नाही म्हणून त्याची चोरी नाहीशी होते काय? होत नाही, हे उघड आहे. परंतु कृत्याचे सत्य वेगळे आणि आरोपाची न्याय्यता वेगळी. आरोप हा मूलतः एक प्रश्न आहे. त्याला उत्तर देण्याची शक्यता त्यात गृहीत असते. ज्या आरोपाला उत्तरच देता येऊ नये, तो प्रश्न राहत नाही, तो प्रहार होतो. प्रहार योग्य माणसावर पडला, एवढ्याने तो न्याय ठरत नाही.

हे आम्ही शहाणपणाने लिहीत आहोत खरे, परंतु ते शिकलो अपराध करून. अनेक वर्षांपूर्वी आमच्या घरातील चांदीची एक वाटी दिसेनाशी झाली. घरकामाला एक तेलुगू बाई येत. आम्ही त्यांना काही विचारले नाही. त्यांच्यादेखतच आपापसांत मराठीत बोललो, कपाटाला कुलूप घातले, आणि आमचा स्वर बदलला. आठवड्याभरात त्या यावयाच्या थांबल्या; तो आम्ही कबुलीजबाब मानला. पुढे दिवाळीच्या साफसफाईत ती वाटी माळ्यावर, आमच्याच हातांनी जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेली सापडली. आम्ही शोधत त्यांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, “काय हरवले होते?” त्या दिवसापर्यंत आपल्यावरचा आरोप कोणता, हेच त्या माउलीला ठाऊक नव्हते. शिक्षा मात्र भोगून झाली होती.

दोषारोपात काळ, स्थळ, व्यक्ती आणि वस्तू यांचा असा तपशील हवा की, आरोपीला आपल्याविरुद्ध काय आहे ते पुरते कळावे, असे फौजदारी संहिता सांगते. हा नियम आम्ही विद्यार्थ्याबरोबर वाचला तेव्हा ते अंगण पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहिले. सरकार एका खिसेकापूला जे देते, ते आम्ही आमच्या घरी राबणाऱ्या स्त्रीला दिले नव्हते.

वेदान्तात ‘अध्यारोप’ म्हणून एक संज्ञा आहे. दोरीवर सर्पाची कल्पना लादणे, जे जेथे नाही ते तेथे पाहणे, असा तिचा अर्थ. त्या भ्रमाचे निरसन म्हणजे ‘अपवाद’. आपल्या ‘आरोप’ शब्दाच्या पोटात ही सावधगिरी मुळातच आहे. आरोप म्हणजे बाहेरून ठेवलेली वस्तू. ती त्या माणसाचा स्वभाव नव्हे. ती त्याची आहे की आपल्या दृष्टीची, हे उजेड आणून पाहावे लागते. खटला म्हणजे तो उजेड.

म्हणून विद्यार्थ्याने ते इंग्रजी शब्द अवश्य शिकावेत, त्यांतील प्रत्येक पायरी ओळखावी, परंतु त्यांच्या आड उभे राहू नये, असे आम्ही त्याला सांगितले. ‘चार्ज’ म्हणजे ओझे. आणि ते शाबीत करण्याचा भार कायद्याने सामान्यतः आरोप करणाऱ्यावरच ठेवला आहे. न्यायालयाबाहेर आपल्याला कोणी दोषारोपाचा मसुदा मागत नाही. तेथे तो आपला आपणच करावयाचा असतो, आणि समोरच्याच्या भाषेत वाचून दाखवावयाचा असतो.