विचारले, तर उत्तरही द्यावे

जून महिन्यात शाळा उघडतात आणि पुढील काही आठवड्यांत अनेक शाळांतून विद्यार्थी मंडळ नेमले जाते. बिल्ले लावले जातात, शपथ होते, टाळ्या पडतात. मग वर्षभर या मंडळाकडे कामे येतात ती रांगा सरळ ठेवण्याची, वर्गात बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याची आणि स्नेहसंमेलनात खुर्च्या मांडण्याची. ही कामे हलकी नव्हेत. परंतु ती करणारा प्रतिनिधी मुलांचे म्हणणे शिक्षकांपर्यंत नेतो की केवळ शिक्षकांचा हुकूम मुलांपर्यंत, हा प्रश्न आपण पालक क्वचितच विचारतो.

मुलांना काय कळते, ही आपली जुनी समजूत. ती सर्वस्वी खोटी नाही. अभ्यासक्रम कोणता असावा हे सातवीतल्या मुलाने ठरवावे, असे कोणी म्हणणार नाही. पण पाण्याच्या नळाशी लहानग्यांना कोण ढकलते, मुली स्वच्छतागृहात जायचे का टाळतात, कोणत्या तासाला खाली मान घालून अपमान गिळावा लागतो, हे मुलांनाच ठाऊक असते. त्यांनी सांगितल्यावाचून ते आपल्याला कळत नाही.

पोलंडमधील डॉक्टर व लेखक यानुश कोरचाक यांनी हे ओळखले होते. वॉर्सा शहरात १९१२ साली सुरू झालेल्या ज्यू अनाथ मुलांच्या आश्रमाचे ते संचालक होते. तेथे मुलांचे न्यायालय भरे. न्यायाधीश मुलेच, तीही चिठ्ठ्या टाकून निवडलेली. मोठ्यांवरही फिर्याद करता येई. एकदा तर सहा महिन्यांच्या अवधीत स्वतः कोरचाक पाच वेळा या न्यायालयापुढे उभे राहिले. त्या न्यायसंहितेतील पहिली ९९ कलमे दोषमुक्तीची वा क्षमेची होती. अधिकार हाती आला की मुले शेफारतील, अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानी घ्यावे. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी या मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेले, तेव्हा कोरचाक त्यांना सोडून गेले नाहीत. त्यांच्याबरोबरच मृत्यूला सामोरे गेले.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात भारत १९९२ साली सहभागी झाला. मुलाशी संबंधित बाबींत त्याचे मत, वय आणि समज पाहून, विचारात घ्यावे असे त्या कराराचे १२ वे कलम सांगते. विचारात घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. मात्र मागणी नाकारली तर का नाकारली, हे सांगण्याचे ऋण आपल्या माथी येते. मत विचारून ते मुकाट्याने टोपलीत टाकणे हे न विचारण्याहून वाईट. त्यातून बोलणे व्यर्थ आहे आणि मतदान हा देखावा आहे, एवढेच मूल शिकते. आणि उद्याचा नागरिक तेच घेऊन घराबाहेर पडतो.

आणखी एक सावधगिरी हवी. निवडणुकीत बहुधा बोलकी, हुशार मुले पुढे येतात. मागच्या बाकावरचा अबोल मुलगा तसाच मागे राहतो. कोरचाकांच्या चिठ्ठ्यांचे मोल येथे कळते. काही जागा चिठ्ठीने भराव्यात, मंडळाच्या प्रत्येक बैठकीची सुरुवात मागील मागण्यांचे काय झाले ते सांगून व्हावी, एवढे कोणत्याही शाळेला खर्चाविना करता येईल. पालकसभेत आपण निकालाची आणि फीची चौकशी करतोच. त्याच सभेत याचीही चौकशी करू या.