पाहिलेले तितके खरे काय?

ऐकलेले आणि पाहिलेले ह्यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपले वडीलधारे सांगत आले आहेत. कान आणि डोळा ह्यांच्या मधली जागा ती चार बोटे. कानावर आलेली गोष्ट डोळ्यांनी पाहीपर्यंत खरी मानू नये, हा त्या म्हणीचा बोध होय. आणि ज्या काळी बातमी एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर माणसाच्या तोंडूनच जात असे, त्या काळी तो पुरेसा होता. आता मोखाड्याच्या एखाद्या दूरच्या पाड्यावरही, टेकाडावर उभे राहिले असता का होईना, मोबाईलला रेंज मिळते, आणि आश्रमशाळेतून सुटीत घरी आलेला मुलगा आपल्या बापाला हातातील पडद्यावर हलते चित्र दाखवून म्हणतो, “हे पाहा, मी डोळ्यांनी पाहिले.” वाचकहो, त्या मुलाने ते खरोखर पाहिले काय? की त्याने ते केवळ ऐकले? आम्हांस हा प्रश्न लहान वाटत नाही, म्हणून आज त्याचा थोडा विचार करावयाचा आहे.

आमचे मत असे आहे की, चित्रफीत ही पाहिलेल्या गोष्टीसारखी दिसते खरी, परंतु ती जातीने ऐकीव गोष्ट आहे. घडलेली गोष्ट आणि आपला डोळा ह्यांच्यामध्ये एक तिसरा मनुष्य उभा असतो. कॅमेरा कोठे ठेवावा, तो केव्हा सुरू करावा, केव्हा थांबवावा, कोणता तुकडा ठेवावा व कोणता कापून टाकावा, हे सर्व तोच ठरवितो. आपण पाहतो ते त्याने निवडलेले असते. सबब चित्रफीत ही साक्षीदाराची जबानी होय. आणि जबानी ऐकताना साक्षीदार कोण, हे विचारण्याची रीत न्यायकचेरीत आहे तशी घरातही असावयास पाहिजे.

ही रीत नसल्यास काय होते, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. पाकिस्तानातील कराची शहरी मुलांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या एका संस्थेने लोकांस सावध करण्याकरिता एक लहानशी चित्रफीत केली होती. तीत मोटारसायकलवरून दोघे इसम येतात व रस्त्यात खेळणाऱ्या मुलास उचलून नेतात. लगेच ते परत येऊन मुलास खाली ठेवतात आणि मूल पळविण्यास क्षणभरही पुरतो, अशा अर्थाचा फलक दाखवितात. कोणीतरी तिचा शेवट कापला. उरलेला तुकडा २०१८ साली आपल्या देशात खऱ्या घटनेचे चित्र म्हणून हातोहात फिरला. मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्याच्या अशा अनेक अफवा त्या दिवसांत पसरल्या होत्या. त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांस मुले चोरणारे समजून जमावाने ठार मारले. ते मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे गरीब लोक होते. पुढे १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा गाडीवान ह्यांचा जमावाने जीव घेतला. त्या भागातही चोर फिरत असल्याच्या अफवा अगोदर पसरल्या होत्या.

ज्यांनी हात उचलला त्यांचा न्याय न्यायालये करोत. आमचा प्रश्न त्या मागच्या माणसाविषयी आहे, ज्याने कोणावर हात उचलला नाही. केवळ आलेली गोष्ट पुढे धाडली. तो म्हणतो, “मी काही ती केली नाही. माझा हेतू चांगला होता. लोकांची लेकरे सुरक्षित राहावीत इतकेच मला वाटले.” त्याचा हेतू आम्ही नाकारीत नाही. तथापि शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपणांस लहानपणापासून पाठ आहे. तीत साक्ष स्वतः रचलेली असावी असे कोठे आहे? दुसऱ्याने रचलेली साक्ष जो न पारखता आपल्या तोंडाने बोलतो, तोही साक्षीदारच ठरतो. थोड्या श्रमाने जे अज्ञान दूर झाले असते, त्याच्या आड मनुष्यास लपता येत नाही. परंतु पारखावे कसे हे ज्यास कोणी कधी शिकविलेच नाही, त्याचा दोष अर्धा त्याचा व अर्धा शिकविणाऱ्यांचा, असे आम्हांस वाटते. आणि येथेच शाळेचा संबंध येतो.

कोणी म्हणतील, “सिनेमा व मोबाईल ही सारी खोट्याची दुकाने आहेत, मुलांस त्यांपासून दूर ठेवावे म्हणजे झाले.” हे आम्हांस पटत नाही. जव्हारहून मोखाड्यावरून जाणारा रस्ता ज्या त्र्यंबकेश्वराकडे चढतो, त्याच गावी ३० एप्रिल १८७० रोजी दादासाहेब फाळके ह्यांचा जन्म झाला. मुंबईत येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा परदेशी चित्रपट पाहत असता, आपल्या देशातील कथाही अशाच पडद्यावर आणाव्या, असे त्यांच्या मनाने घेतले, हे प्रसिद्धच आहे. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, आणि रोप वाढत असता दिवसामागून दिवस त्याची चित्रे घेतली. ती एकामागून एक पडद्यावर फिरविली तेव्हा महिन्याभराची वाढ पाहता पाहता डोळ्यांपुढे झाली. असे उगवणारे रोप कोणत्याही मनुष्याच्या डोळ्याने कधी पाहिले नव्हते. मग ते खोटे होते काय? मुळीच नाही. त्यातील प्रत्येक चित्र खरे होते, आणि ती करामत आहे हे पाहणारांपासून लपविलेले नव्हते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. सत्यासाठी सर्वस्व देणाऱ्या राजाची ती कथा नटांनी सोंग घेऊनच सांगितली. तारामतीचे काम तर अण्णा साळुंके ह्या पुरुषाने केले. तरी त्यात कोणाची फसवणूक झाली नाही. पुढे चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा चित्रपटही फाळक्यांनीच केला.

ह्यावरून दिसते की, करामत म्हणजे असत्य नव्हे. कराचीच्या चित्रफितीतील प्रसंगही सोंगच होता; परंतु जोवर शेवटचा फलक तिच्यात होता तोवर ती प्रामाणिक होती. फलक कापताच, एकही चित्र न बदलता, ती खोटी झाली. म्हणजे खरेखोटेपण चित्रात नसून दाखविणारा व पाहणारा ह्यांच्यातील विश्वासात असते. मोखाड्याकडील मुलांस हे समजाविणे कठीण पडू नये. बोहाड्याची सोंगे त्यांनी पाहिलेली असतात. त्या उत्सवाचा धर्मार्थ हा आमचा आजचा विषय नव्हे. परंतु मशालींच्या उजेडात राक्षसाचा मुखवटा घालून नाचणारा तो आपल्याच आळीतला काका आहे, आणि सकाळी तो मुखवटा उतरवून शेतावर जाणार आहे, हे तेथील लहान मूलही जाणते. मुखवटा उतरताना त्याने पाहिलेला असतो. मोबाईलवरील मुखवटा मात्र त्याच्यासमोर कोणी उतरवीत नाही. तो उतरवून दाखविणे हेच ह्या शिक्षणाचे काम होय.

ते कसे करावे? मुलांच्या हाती प्रत्यक्ष काम देऊन, असे आमचे सांगणे आहे. ह्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाने, खडे, बिया ह्यांतून त्यांनी आदिवासी मुलांस शिकविले. त्याच रीतीने गुरुजींनी उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो त्या वेळी वर्गाचे दोन गट करावे व दोघांस एकेक मोबाईल द्यावा. एका गटाने केवळ हंड्यांची रेटारेटी टिपावी. दुसऱ्याने म्हातारीचा हंडा भरून देणारी मुलगी टिपावी. मग दोन्ही चित्रे वर्गात लावावी. एकात गाव भांडखोर दिसेल, दुसऱ्यात दयाळू. आणि दोन्ही चित्रे खरी असतील! ज्या मुलाने स्वतःच्या हाताने एकदा असे केले, त्यास दुसऱ्याची कापाकापी ओळखावयास फार काळ लागणार नाही. केरळातील कण्णूर जिल्ह्यात खोट्या बातम्या ओळखण्याचे धडे सरकारी शाळांतून दिले गेले. आपणांकडेही हे अशक्य नाही. त्यास चार प्रश्न पुरतात: हे कोणी केले? कोठे व केव्हा केले? ह्याच्या आधी व नंतर काय होते? आणि हे खोटे निघाल्यास कोणाचे नुकसान होईल? आता तर यंत्रच न घडलेल्या प्रसंगाचे चित्र व न बोललेल्या शब्दांचा आवाज घडवू लागले आहे. तेव्हा केवळ निरखून पाहिल्याने भागणार नाही, साक्षीदाराची पतच विचारावी लागेल.

परंतु येथे एक दुसरा धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. मुलांस सर्वच गोष्टींवर अविश्वास ठेवावयास शिकविणे हे त्यांस भोळे ठेवण्याइतकेच वाईट. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, ती वार्ता वर्तमानपत्रांतून राज्यभर गेली, व त्यामुळे ह्या डोंगराकडे अनेकांचे लक्ष वळले. ती वार्ता खरी होती. सारेच खोटे असते, असे लोक म्हणू लागले तर अशी खरी हाकही वाया जाईल, आणि ज्यांस ती ऐकावयाची नसते त्यांचेच फावेल. म्हणून शिकवावयाचा तो संशय नव्हे, तर तोल. तराजू धरणारा माल फेकून देत नाही. तो मापतो, आणि मग घेतो. त्याचबरोबर हेही शिकवावे की, भुकेल्या लेकराचे चित्र घेताना त्याच्या आईस विचारले पाहिजे. जव्हार-मोखाड्याची चित्रे बाहेरच्यांनी पुष्कळ घेतली. येथील मुले कॅमेरा धरावयास शिकतील, तर आपल्या गावाची साक्ष ती स्वतः देतील, व जिची साक्ष द्यावयाची तिची लाज राखूनही देतील, अशी आम्हांस आशा आहे.

असो. आपल्या आजोबा-पणजोबांची एक दुःखाची कथा घरोघर ठाऊक आहे. सावकाराने कागद पुढे केला. त्यात काय लिहिले आहे हे न कळता त्यांनी अंगठा उठविला, आणि जमीन गेली. आपण शाळा काढल्या, मुलांस अक्षरे शिकविली, ती मुख्यतः त्या अंगठ्याच्या भयाने. आज त्यांचीच नातवंडे अक्षरे वाचतात. तरी पडद्यावर आलेली गोष्ट न पारखता पुढे धाडतात तेव्हा तोच अंगठा पुन्हा उठतो. भेद इतकाच की, त्या वेळी आपली जमीन गेली, आणि ह्या वेळी दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून गुरुजनांस व पाड्यावरील आमच्या कामकरी बंधूंस विनंती आहे की, पुढच्या वेळी कोणी घाईने मोबाईल पुढे करील तेव्हा त्यास रागावू नये. त्याच्याजवळ बसून ते चार प्रश्न त्यास विचारावे, आणि उत्तरे मिळेपर्यंत त्याचा अंगठा थांबवून धरावा.