मेंदूचे दोन, ‘मी’चे किती?

नजर पडद्यावरच्या ठिपक्याला खिळलेली. ठिपक्याच्या उजवीकडे क्षणभर कोंबडीचा पंजा चमकला, डावीकडे बर्फाने वेढलेलं घर. उजवीकडचं दृश्य मेंदूच्या डाव्या भागाला पोचतं, डावीकडचं उजव्याला. या तरुणाच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा तंतूंचा जाड पट्टा, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, फेफऱ्यावरचा उपाय म्हणून कापलेला होता. जुळणारं चित्र दाखव म्हटल्यावर उजव्या हाताने कोंबडी दाखवली, डाव्याने फावडं. फावडं कशाला? पठ्ठ्या जराही अडखळला नाही. खुराडं साफ करायला फावडं लागतंच की! बोलणाऱ्या डाव्या भागाने बर्फ पाहिलाच नव्हता. तरी तो थापा मारत नव्हता, त्याला तेच खरं वाटत होतं. मायकेल गझानिगा आणि जोसेफ लेडू यांचा १९७० च्या दशकातला हा प्रयोग मला मेंदूविज्ञानातला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग वाटतो. आपण दिवसभर स्वतःच्या वागण्याची जी कारणं देतो, त्यांतली अशी किती?

मेंदू कापला तर ‘मी’ किती उरतात, हा प्रश्न सुरीच्या आधी कल्पनेत आला. मेंदू मधोमध चिरला तर जाणिवाही दोन होतील, असं मानसशास्त्रज्ञ गुस्टाव्ह फेख्नरने १८६० मध्ये लिहिलं. पुढच्या पिढीतल्या मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकडूगलला ते मान्य नव्हतं. मला असाध्य आजार झाला तर माझाच पट्टा कापून बघा, असं त्याने मेंदूशास्त्रज्ञ शेरिंग्टनला सांगून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही. १९३९ पासून सर्जन विल्यम व्हॅन वॅगनेनने अमेरिकेतल्या रॉचेस्टरला खरोखरच अशा शस्त्रक्रिया केल्या. फेफऱ्याची लाट एका भागातून दुसऱ्यात जाऊ नये, एवढाच हेतू. नंतरच्या चाचण्यांत रुग्ण जसेच्या तसे वाटले. मग मेंदूचे भाग लोंबू नयेत म्हणून हा पट्टा असावा, अशी थट्टाही झाली. मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरीने मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की चूक चाचण्यांची होती. १९६२ पासून बोगेन आणि व्होगेल या सर्जननी लॉस एंजलिसमध्ये शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांची स्पेरी-गझानिगांनी तपासणी केली, आणि १९८१ साली स्पेरीला नोबेल मिळालं.

तत्त्वज्ञ टॉमस नेगेल १९७१ मध्ये म्हणाला की या रुग्णांत मनं किती, याला पूर्णांकात उत्तरच नाही. मला हे पटतं. २०१७ साली याइर पिंटो आणि सहकाऱ्यांनी दोन रुग्ण पुन्हा तपासले. डावीकडची नि उजवीकडची चित्रं सारखी आहेत का, हे त्यांना सांगता येईना. पण वस्तू कुठेही दिसली तरी ती दिसल्याचं ते तोंडाने किंवा कोणत्याही हाताने सांगत. पाहणं दुभंगलेलं, जाणीव अखंड, असा त्यांचा निष्कर्ष. गझानिगाच्या बाजूने त्याला लगेच हरकत आली.

तत्त्वज्ञ डेरेक पार्फिटने १९८४ च्या आपल्या ग्रंथात म्हटलं की ‘मी’ नावाची वेगळी वस्तूच नाही, आणि बुद्धाला हे मान्य झालं असतं. इथे आमचा महाड तालुका आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबई-गोवा रस्त्यालगत गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. भिक्षूंच्या खोल्यांतले दगडी ओटे अजून शाबूत आहेत. ज्यांच्या धर्मात आत्म्याला थारा नव्हता ती माणसं तिथे झोपत. त्याच तालुक्यात शिवथरघळ, जिथे समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला अशी परंपरा आहे. त्याच्या तेराव्या दशकाचा पहिलाच समास आत्मानात्मविवेकाचा. समर्थांच्या लेखी इंद्रियं अनेक, चालवणारा एक. आमच्या पूर्वजांना हे सगळं ठाऊकच होतं, अशी फुशारकी मात्र नको. भिक्षूला दुःख संपवायचं होतं, सर्जनला आकडी थांबवायची होती. दोघांचं काम एकच नव्हतं.

या वादाला रोजच्या जगण्याची धार आणली ती महाडच्या चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत ते थेट विचारतात की आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कुणाचा? ग्रंथात बाबासाहेब आत्मा नाकारतात. मागच्या जन्मीच्या पापाचं फळ म्हणून आजचं दारिद्र्य सांगणं ही गोरगरिबांच्या स्थितीची जबाबदारी झटकण्याची सोय आहे, असंही ते बजावतात. नेगेल-पार्फिटच्या वर्गात ‘तो मीच कशावरून?’ हा बुद्धीचा खेळ राहू शकतो. तळ्याच्या पायऱ्यांवर अस्पृश्य म्हणून अडवलेल्या माणसाला मात्र त्याच प्रश्नाच्या उत्तरावर पाणी मिळणार की नाही, हे ठरवलं जात होतं. आणि तो गेल्या जन्मीचा गुन्हेगार हाच, हे सिद्ध करायची तसदी कुणी घेतली नव्हती.