अल्गो कोणाचा, लोभ कोणाचा?

आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की काटेवाडीत मेंढ्या तिच्याभोवती धावत रिंगण घालतात. पालखी एका वाण्याची. सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवणाऱ्या वाण्याची, असं परंपरा सांगते.

त्याच वाटेवर आता मोबाईलवर ऑप्शन्सचा सौदा होतो, आणि सौदा करतो अल्गो, म्हणजे ठरवलेल्या नियमांनी आपोआप सौदे करणारा संगणकाचा प्रोग्राम. हिशेब कडूच. बाजारनियामक सेबीच्या २०२४च्या अभ्यासात, तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शन्समधले ९३ टक्के वैयक्तिक सौदेकार तोट्यात निघाले; परदेशी संस्थांच्या २०२३-२४मधल्या नफ्यातला ९७ टक्के वाटा अल्गोचा. हौशी माणसाला अल्गो भाड्यानं मिळतो. संस्थांचा वेग आणि भांडवल कुठून आणणार?

सौदा यंत्राकडे सोपवल्यानं लोभ सुटतो का? यंत्र घाबरत नाही, खरंच. पण ऐन पडझडीत स्टॉपलॉस, म्हणजे तोट्याला घातलेला बांध, काढून टाकणारा अंगठा माणसाचाच असतो.