दिव्यदृष्टी आणि लाल दिवा

'दृष्टीआड सृष्टी' ही म्हण ज्यानं केली, त्याच्या घरात कॅमेरा नव्हता. त्यामुळे तो रात्री स्वस्थ झोपत असावा. आमच्या घराण्यात मात्र गेली तीन वर्षं सृष्टीला दृष्टीआड जायची सोय उरलेली नाही. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याला, आमच्या जुन्या घरात, आत्या एकटी राहते. वय वर्षं ब्याऐंशी. पुण्याला चल म्हटलं तर विचारते, "तेथं मी भांडू कोनाशी?" या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे आम्ही भाचेमंडळींनी वर्गणी काढून तिच्या ओसरीवर एक कॅमेरा बसवला. आता पुणे, हैदराबाद आणि न्यू जर्सी इथले भाचे एकाच वेळी आत्याला तांदूळ निवडताना पाहू शकतात. एका माणसाचं काम तीन गावांनी टक लावून बघावं, हा मान पूर्वी फक्त क्रिकेटपटूंना मिळत असे.

पाहू शकतात म्हणजे, कॅमेरा चालू असेल तेव्हा.

आमच्याकडे कॅमेरा बंद पडायला कारण शोधावं लागत नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की माणसं सावलीला जातात. पत्र्याखालच्या राउटरला तशी मुभा नसते. पावसाळ्यात 'लाइन' जाते. ती परत आली की राउटर झोपेतून उठल्यासारखा उठतो आणि कॅमेऱ्याला नवाच पत्ता देऊन टाकतो. काल पाचव्या खोलीत राहणारा कॅमेरा आज सातव्या खोलीत. पण बाहेरून आलेला पाहुणा मात्र जुन्या हुकुमाप्रमाणे पाचव्या खोलीकडेच धाडला जातो, आणि पुण्यातला माझा कॉम्प्युटर रिकाम्या खोलीचं दार ठोठावत बसतो. रात्री कॅमेऱ्याच्या उबेला किडे जमतात, किड्यांसाठी कोळी येतो, कोळी नेमका भिंगासमोर जाळं विणतो, आणि रात्री अडीच वाजता तिन्ही गावांत 'घरात हालचाल' असा इशारा वाजतो. न्यू जर्सीत तेव्हा संध्याकाळ असते. त्यामुळे आमच्यात सर्वांत धैर्यानं तोच भाचा वागतो.

बिघाड शोधायचं शास्त्र तसं सोपं आहे. आधी वीज बघावी, मग वायर, मग पत्ता आणि सर्वांत शेवटी पासवर्ड. अडचण एवढीच, की शास्त्र माझ्याकडे असतं आणि वायर दारव्ह्याला. मधे असतात ते शेजारचे निवृत्त गुरुजी.

"गुरुजी, राउटरवर कोणता दिवा लागलाय?"

"सारेच लागून आहेत जी. हिरवे बी आहेत, एक लाल बी आहे. तुमाले कोनता पाह्यजे?"

"लाल कधीपासून आहे?"

"तो तं कालपासून आहे. चांगला दिसते म्हनून हात नाई लावला."

"बरं, मागची वायर काढून परत लावा."

"कोनती? येथं तं सापायचं बिऱ्हाड आहे जी!"

एवढ्यात मागून आत्याचा आवाज येतो, "गुरुजी, पहिले चहा घ्या. तो थांबते तेथं."

मी थांबतो. फोन चालूच असतो. कपबशी वाजते. कापसाचा भाव, कोणाच्या मुलीचं ठरलेलं लग्न, आत्याच्या गुडघ्याचं तेल, असे विषय माझ्या कानावरून जातात. वीस मिनिटांनी वायर निघते, लागते, आणि चित्र एकेक चौकट करत सरकू लागतं. मुर्तिजापूर-यवतमाळ 'शकुंतला' धावत होती तेव्हा दारव्ह्यात ज्या लयीत शिरे, तीच ही लय.

अशाच एका वीस मिनिटांत मला प्रश्न पडला. दूरचा कॅमेरा दुरुस्त करायचा तर त्याच्याजवळ एक माणूस लागतो. आणि जवळ माणूस आहे, तर मग कॅमेरा कशाला?

हा प्रश्न मी चुलतभावाला विचारला. तो म्हणाला, "तू फार विचार करतोस. राउटर बदल." विचार थांबवायला यंत्र बदलण्याची ही पद्धत आता सर्वत्र रूढ आहे.

पण या यंत्राचा जन्मच मुळी विचार करायला लावणारा आहे. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत काही मंडळींनी कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावला. इतर मजल्यांवरून जिने उतरून यावं आणि भांडं रिकामं निघावं, हा त्रास त्यांना वाचवायचा होता. १९९३ साली ते चित्र जगाला खुलं झालं, आणि २००१ साली कॅमेरा बंद होईपर्यंत जगभरच्या लोकांनी ते भांडं पाहिलं. थोडक्यात, जाण्याचे श्रम वाचावेत म्हणूनच हा कॅमेरा जन्माला आला. कॉफीच्या भांड्याच्या बाबतीत त्यात अनीती काहीच नाही. आपल्याला भेटायला कोणी आलं नाही, म्हणून भांडं रुसत नाही.

आमच्याच जिल्ह्यात कॅमेऱ्याची दुसरी तऱ्हा बघायला मिळाली. २०१८ साली पांढरकवडा-राळेगावच्या भागात टी-१ वाघिणीचा, म्हणजे लोकांच्या 'अवनी'चा शोध चालू होता. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. हत्ती आले, कुत्री आली, ड्रोन आले. आणि झाडाझाडाला कॅमेरे बांधले गेले. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती गोळीला बळी पडली. तिला मारणं योग्य होतं की नाही यावर लोक अजून भांडतात, तो वाद इथं नको. माझं लक्ष त्या कॅमेऱ्यांवर आहे. जंगलातला असा कॅमेरा ऊब हलली की फोटो काढतो, पण तो साधारणपणे आतल्या कार्डावरच राहतो. ते कार्ड आणायला कोणीतरी चालत जावं लागतं. वाघ जिथून गेला, नेमकं तिथंच. म्हणजे त्या कॅमेऱ्याची आणि कॉम्प्युटरची जोडणी कोणती? वनरक्षकाचे दोन पाय. या जोडणीवर लाल दिवा नसतो. असता, तर बहुधा कायम लागलेला असता.

दिव्यदृष्टीचं पहिलं उदाहरण आपण संजयाचं देतो. व्यासांनी ती आधी धृतराष्ट्रालाच देऊ केली होती. आपल्या कुळाचा संहार बघवणार नाही म्हणून त्यानं ती नाकारली, आणि ती संजयाला मिळाली. पण पुढचा भाग आपण विसरतो. संजय राजाशेजारी बसून धावतं समालोचन करत नाही. भीष्मपर्वात तो रणभूमीवरून येतो, भीष्म पडल्याचं सांगतो, आणि मग मागची हकीकत सांगतो. प्रत्यक्ष दिव्यदृष्टी लाभलेल्या माणसालाही जाऊन यावं लागलं. आपली दृष्टी तर भाड्याची, महिन्याच्या महिन्याला पैसे भरून घेतलेली.

गेल्या श्रावणातली गोष्ट. त्या दिवशी कॅमेरा उत्तम चालू होता. चित्र स्वच्छ, वेग झकास. आत्या आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेली. न्यू जर्सीहून संदेश आला, 'आत्या निवांत.' तेवढ्यात गुरुजींच्या बाई वाटी परत करायला आल्या. त्यांनी आत्याच्या कपाळाला हात लावला आणि ओरडून गुरुजींना बोलावलं. अंगात एकशे तीन ताप होता. डॉक्टर आले, सलाईन लागलं, चार दिवसांत आत्या पुन्हा भांडायला उभी राहिली. पण मला एक कळलं, की निवांतपणा आणि ताप कॅमेऱ्यात सारखेच दिसतात. त्यांतला फरक डोळ्याला कळत नाही, तळहाताला कळतो.

आपल्या भाषेनं हा भेद कधीच करून ठेवला आहे. लक्ष 'ठेवणं' वेगळं आणि लक्ष 'देणं' वेगळं. लक्ष चोरावर ठेवतात, दुधावर ठेवतात, परीक्षेतल्या मुलांवर ठेवतात. माणसाला ते द्यावं लागतं. आणि जे द्यायचं, त्यात आपलं काहीतरी जायला हवं: वेळ, रजा, झोप, निदान एसटीचे पैसे.

कॅमेरा वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो काढून टाकलेलाही नाही. रात्री आत्याच्या ओसरीवरचा दिवा दिसला की मलाही बरं वाटतं. फक्त बरं कोणाला वाटतं, एवढं ध्यानात ठेवावं. ते मला वाटतं, आत्याला नव्हे.

गुरुजींच्या श्रमांचा मोबदला द्यावा असं भाच्यांमध्ये ठरलं. मी भीत भीत विषय काढला. ते म्हणाले, "पैशे काहाले जी? तुमीच एकडाव येऊन जा. लाल लाइट बी पाहून घेजा."

कॅमेऱ्याबरोबर एक पुस्तिका येते. तीत बिघाड शोधायच्या सतरा सूचना आहेत. वीज तपासा, वायर तपासा, पत्ता तपासा. सतरावी सूचना अशी, की एवढं करूनही न जमल्यास प्रत्यक्ष जागेवर जावे. ती पहिल्या पानावर छापली तर कॅमेरे खपणार नाहीत, हे मला मान्य आहे.