दीर्घायुष्याचा वाढदिवस

आत्म्याला जन्म नाही, असा सिद्धांत भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मांडला आहे. मग जन्मदिवस साजरा करावयाचा तो कोणाचा? जरेने ग्रासलेल्या देहाला शंभराव्या वर्षी हारतुरे कशासाठी? जिज्ञासू वाचकाच्या मनात अशी शंका येणे स्वाभाविक आहे.

तिच्या समाधानाची वाट शब्दातच सापडते. ‘वृद्ध’ हा शब्द ‘वृध्’ म्हणजे वाढणे या धातूपासून झाला. आपला ‘वाढ’ हा शब्दही त्याच कुळातील. तेव्हा वृद्ध म्हणजे झिजलेला नव्हे, वाढलेला. मात्र काय वाढले, हे पाहिले पाहिजे. वर्धापनविधीत आपण सप्त चिरंजीवांचे स्मरण करतो. त्या सातांत व्यास आहेत, तसा अश्वत्थामाही आहे. व्यासांचे आयुष्य लोककल्याणार्थ वेचले गेले. अश्वत्थाम्याला मात्र दीर्घ आयुष्य हाच शाप ठरला. वर्षे दोघांचीही अगणित; भेद आहे तो कर्माचा. ईशावास्योपनिषदानेही शतायुष्याच्या इच्छेला कर्माची जोड दिली आहे, ती याचसाठी.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र या दृष्टीने पाहावे. त्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, 1916 मध्ये महिला विद्यापीठ स्थापिले. 1958 मध्ये त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी राष्ट्राने त्यांना भारतरत्न हा किताब अर्पण केला. पस्तिसाव्या वर्षी ज्यांना समाजाने दूर लोटले, त्यांच्यापुढे शंभराव्या वर्षी समाज नतमस्तक झाला. मधली पासष्ट वर्षे कर्वे शांतपणे कार्य करीत राहिले. परंतु बहिष्काराचा अर्धा भार ज्यांनी वाहिला, त्या पत्नी 1950 मध्येच निवर्तल्या होत्या. त्यांचे ऋण फेडण्यास समाजाला उशीर झाला.

यातील बोध मार्मिक आहे. अतिदीर्घायुषी व्यक्तीचा वाढदिवस हा तिच्या वर्षांचा हिशेब नसून आपल्या ऋणाचा हिशेब होय. तिचे आयुष्य लांबले, म्हणून आपल्याला ते ऋण ओळखण्यास अवधी मिळाला. सर्वांनाच तो मिळतो असे नाही.

सज्जनहो, आपल्या घरीही कोणी नव्वदीचे आजोबा, कोणी शतायुषी आजी असतील. त्या दिवशी मंडप घालतात, शाल पांघरतात, छायाचित्रे काढतात. आणि दुसऱ्या दिवशी त्या वृद्धाशी बोलावयास कोणाला सवड नसते. समवयस्क सारे गेलेले, ऐकू कमी येते, जुन्या गोष्टी कोणी विचारीत नाही. असा सोहळा कोणासाठी झाला? सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा धरून दिलेले दान राजस, कर्तव्य म्हणून निरपेक्षपणे दिलेले सात्त्विक. सत्कारालाही हीच कसोटी लावावी. आपल्या मिरवणुकीसाठी केलेला सत्कार राजस होय. रोज घटकाभर जवळ बसून त्यांचे बोलणे ऐकणे, एकच गोष्ट दहाव्यांदा ऐकतानाही न कंटाळणे, हा सात्त्विक.

म्हणून वाढदिवस अवश्य करावा. पण त्या दिवशी केलेला नमस्कार वर्षभर टिकेल, असा करावा. ऋण फेडावयाचे ते ऋणको आणि धनको दोघेही असेपर्यंतच.