पिस्ता रंगाची भिंत

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी मी पप्पांचा फोटो काढला. चिखलीतल्या आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये, दुपारी दीड वाजता, ट्यूबलाईट चालू असताना. फोटोत मात्र मध्यरात्र आहे. काळ्याकुट्ट अंधारातून अर्धा चेहरा बाहेर आलाय, गालाच्या हाडावर उजेड, डोळ्याखालच्या सुरकुत्या एकेक मोजता येतील इतक्या स्पष्ट, आणि दुसरा डोळा जवळजवळ गायब.

असे फोटो तुम्ही रोज स्क्रोल करता. घरच्या घरी काढायला लागतं फार थोडं. एक साधा फ्लॅश, तो कॅमेऱ्यापासून लांब ठेवून पेटवणारा ट्रिगर, समोर बटर पेपर आणि उजेड इकडेतिकडे सांडू नये म्हणून काळा कार्डशीट. आयएसओ १००, शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ ८. या सेटिंगला ट्यूबलाईटचा उजेड कॅमेऱ्याच्या हिशेबात जवळजवळ नसतोच, उरतो फक्त फ्लॅश. आणि फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. बारावीच्या फिजिक्समधला नियम. चेहरा फ्लॅशपासून दोन फुटांवर आणि मागची भिंत आठ फुटांवर असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या सोळावा हिस्सा उजेड पडतो. त्यात मध्ये कार्डशीट उभा केला की भिंत गेलीच. खोली काळी रंगवावी लागत नाही, सॉफ्टवेअरमध्ये काही खोडावं लागत नाही.

ही शेवटची गोष्ट मला फार आवडायची. मी प्रोग्रामर आहे, दिवसभर स्क्रीनवर हवं ते बदलता येतं. इथे एक पिक्सेलही खोटा नाही, याचा मला अभिमान होता.

फोटो मी इन्स्टाग्रामवर टाकला. खाली लिहिलं, ‘तीस वर्षांची शिफ्ट’. पप्पा भोसरी एमआयडीसीत, नंतर चाकणला, पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांत क्वालिटीला होते. लोकांनी भरभरून लिहिलं. डोळ्यांत अख्खं आयुष्य दिसतंय, कष्टाचा चेहरा, वगैरे. माझ्या कुठल्याही फोटोला त्याच्या निम्मेही लाईक्स आलेले नाहीत.

संध्याकाळी मी तो घरी दाखवला. आई बघताच म्हणाली, “अरे देवा, हा तर हार घालायचा फोटो झाला.” पप्पांनी मोबाईल हातात घेतला, दोन बोटांनी झूम केलं, आणि थोड्या वेळाने विचारलं, “मी एवढा दुःखी दिसतो का रे?”

मी म्हटलं, दुःखी नाही पप्पा, खोल वाटतंय. काय विचार करत होता तेव्हा?

“कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो. तुझ्या आईने सांगितलं होतं, तीन झाल्या की बंद करा म्हणून.”

आम्ही हसलो. पण ते परत फोटोकडे बघत होते. मग म्हणाले, “भिंत कुठं गेली?”

या प्रश्नाने मी अडकलो. ती भिंत पिस्ता रंगाची आहे. रंग त्यांनी स्वतः निवडलाय, आई आणि मी दोघंही विरोधात असताना. भिंतीवर विठ्ठल-रखुमाईची तसबीर आहे, खाली शोकेस, त्यात कंपनीने पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल दिलेलं घड्याळ आणि माझ्या पदवीचा फोटो. या फ्लॅटचे हप्ते त्यांनी पंधरा वर्षं भरले. मी एफ ८ आणि १/२०० लावून त्यांनी आयुष्यात जे जे कमावलं ते फ्रेमबाहेर काढलं होतं, ठेवल्या होत्या फक्त सुरकुत्या. आणि त्याला ‘तीस वर्षं’ असं नाव दिलं होतं.

पिक्सेल खोटा नव्हता, हे अजूनही खरं आहे. पण अंधार कुठे पडेल हे ठरवणं म्हणजे त्या माणसाबद्दल एक विधान करणं आहे, आणि ते विधान त्याला न विचारता मी केलं होतं. फोटो काढू का, हे विचारलं होतं. त्याचा अर्थ काय लावू, हे कुठे कोण विचारतं?

चेहऱ्याचा अर्थ बघणाऱ्याने लावायचा असतो, हे बरोबरच आहे. युसूफ कार्शने १९४१च्या डिसेंबरमध्ये ओटावाला काढलेला चर्चिलचा तो प्रसिद्ध फोटो आठवा. जगाने त्यात हिटलरपुढे न झुकणारा ब्रिटन पाहिला. प्रत्यक्षात कार्शने क्षणापूर्वी चर्चिलच्या तोंडातला सिगार काढून घेतला होता, आणि तो त्याचा राग होता. पण चर्चिलला या गैरसमजाने काही तोटा नव्हता. त्याच्याकडे स्वतःबद्दल बोलायला रेडिओ होता, संसद होती, पुस्तकं होती. माझ्या वडिलांबद्दल सार्वजनिक जागी असलेली एकमेव गोष्ट म्हणजे माझी ती पोस्ट.

आपल्याकडचं एक चित्र मला या निमित्ताने सारखं आठवतं. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’. १९४५-४६च्या सुमाराचं जलरंगातलं चित्र, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात समई घेतलेली बाई, ज्योतीपुढे धरलेली तिची बोटं उजेडाने लालसर झालेली. अनेक जण ते रविवर्म्याचं समजतात, रविवर्मा १९०६ सालीच गेला असूनही. चित्रातली बाई म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता. बापाने मुलीला अंधारात उभं केलं आणि एका उजेडात रंगवलं, म्हणजे आमच्या घरातल्या प्रसंगाचं उलटं टोक. तिलाही उभं राहून कंटाळा आलाच असेल, पाय दुखले असतील, आणि आपण त्याला आशा म्हणतो. पण एक फरक आहे. तिथे दिवा तिच्याच हातात आहे. चेहऱ्यावर किती उजेड येऊ द्यायचा, हे निदान चित्रात तरी तिचा तळवा ठरवतो.

मग समोरून लख्ख फोटो काढला की न्याय होतो का? मला नाही वाटत. पप्पांचे सगळ्यात जास्त फोटो समोरच्या उजेडातलेच आहेत: गेटपास, आधार, पीएफचा फॉर्म. त्यात ते कोणीच नाहीत. आणि आवडेल तेवढंच दाखवायचं ठरवलं तर जगात फक्त डीपी उरतील. माझा फोटो चांगला आहे, हे मला आजही वाटतं. खरा त्रास त्याचाच आहे. वाईट असता तर डिलीट करून मोकळा झालो असतो.

खूप दिवसांनी मला कळलं की तो अंधार कुठून आला होता. लहानपणी पप्पांची थर्ड शिफ्ट असली की ते सकाळी येऊन झोपायचे. आई खिडकीला जाड चादर लावायची. बाहेर ऊन, आत काळोख, आणि मी आवाज न करता पुस्तक घेऊन दाराजवळच्या उजेडाच्या पट्ट्यात बसायचो. आमच्याकडे सुट्टी गुरुवारी असायची, एमआयडीसीच्या हिशेबाने, आणि माझी शाळा गुरुवारी असायची. त्यामुळे पप्पा मला दिसायचे ते बहुतेक त्या चादरीच्या काळोखातच. अर्धा चेहरा, पाठमोरे, थकलेले. मी काढलेला फोटो त्या खोलीचा होता. खाली नाव मात्र त्यांच्या तीस वर्षांचं घातलं होतं.

हे मी त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, ते गप्प होतील. ते म्हणाले, “थर्ड शिफ्ट? अरे, मजा असायची थर्डला. साहेब लोक नसायचे. दोन वाजता कँटीनला चहा, गाणी लावायचो.” मग त्या रात्री कोण कसं झोपायचं आणि कोणाला कसं पकडलं याच्या गोष्टी अर्धा तास चालल्या. यातलं काहीही मला माहीत नव्हतं.

पोस्ट मी अर्काईव्ह केली. त्यांनी करायला सांगितलं नव्हतं.

दिवाळीत परत फ्लॅश काढला. या वेळी उजेड छतावर मारला, तो सगळीकडे पसरून खाली आला आणि पिस्ता भिंत, विठ्ठल, घड्याळ, सगळं दिसलं. फोटो म्हणून सपाट आहे. पप्पांचा डीपी आता तोच आहे.

मग त्यांनी माझ्या हातातून फ्लॅश मागून घेतला. “तो काळा फोटो आडव्या उजेडाने काढलास ना?” मी हो म्हटलं. त्यांना ते शिकवायची गरजच नव्हती. प्रेसमधून आलेल्या पत्र्यावर समोरून बघितलं तर काही दिसत नाही, टॉर्च आडवी धरली की हाताला न लागणारा खड्डाही सावली टाकतो. हेच त्यांचं काम होतं. “आडवा लाईट डिफेक्ट शोधायला असतो,” ते म्हणाले. “तू मला इन्स्पेक्शनला बसवलं होतंस.”

मला खुर्चीत बसवून त्यांनी मोबाईलची टॉर्च लावली, माझ्या गालाजवळ धरली, आणि हळूहळू कोन बदलत नेली, अर्धा इंच इकडे, अर्धा इंच तिकडे. कॅमेऱ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. एका ठिकाणी हात थांबला.

“रात्री किती वाजता झोपतोस तू?”